नसलेल्या पुस्तकाची मागणी

४ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तू नुसता "हं, हं" करतोस आणि मागे पुस्तकं दाबायचा शिकंजा फिरवल्याचा आवाज येत राहतो, म्हणून हे पत्र. खोली बरी आहे. खिडकीतून ग्रंथालयाची मागची बाजू दिसते. सकाळी धुकं एवढं असतं की इमारत जागेवर आहे ना, याची रोज नव्याने खात्री करून घ्यावी लागते.

ग्रंथालयशास्त्र शिकायचं म्हणजे दिवसभर पुस्तकांत राहायचं, अशा समजुतीने मी आले. पुस्तकं खालच्या मजल्यांवर असतात. आम्ही असतो सगळ्यात वर, संगणकांच्या रांगेत. तिथे एक बारीक गुणगुण सतत चालू असते आणि दुपारी ऊन आत आलं की माझ्या पापण्या जड होतात. वर्गातली बाकीची मुलं खटाखट बोटं चालवतात. मी एकेक अक्षर शोधत बसते. सर्व्हर, बॅकअप, डेटाबेस हे शब्द मी रोज ऐकते आणि घरी येईपर्यंत सांडून येते. आम्हाला हे शिकवणाऱ्या बाई दर वाक्याला पासवर्ड बदलायची आठवण करतात, म्हणून त्यांचं नाव पासवर्डबाई.

एक गोष्ट मात्र कळली. ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाची संगणकावर एक नोंद असते: नाव, लेखक, पानं, उंची, कुठल्या कपाटात बसतं. या सगळ्या नोंदी म्हणजे कॅटलॉग. आम्ही बिघडवू नये म्हणून सरावाचा कॅटलॉग वेगळा ठेवलाय. दोन्ही दिसायला सारखे, फक्त सरावाच्या पानावर वरती पिवळी पट्टी असते. तिथे हवा तेवढा गोंधळ घाला, असं बाई म्हणाल्या.

परवा दुपारी ग्रंथालयात काउंटरची पाळी होती. तिथे आम्ही शिकाऊ विद्यार्थी पण बसतो. गर्दी नव्हती. सरावाला दिलेली पुस्तकं इतकी रुक्ष, की मी तुझीच पुस्तकं भरायला घेतली. खळ वाळेपर्यंत तू मला कोऱ्या नमुन्याच्या वह्यांतून वाचून दाखवायचास, ती. मला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि त्या पानांवर सगळं लिहिलेलं आहे असं मला खरंच वाटायचं. "पाण्याखालच्या पोस्टमनची फेरी", "जिना चढून गेलेलं घर", "दिवे लावायला विसरलेलं गाव". लेखक: मामा. जागा: खिडकीजवळचं कपाट. पानं आणि उंचीसुद्धा भरली. अक्षरं बारीक दिसत होती म्हणून पडदाभर मोठी करून घेतली. इथे आल्यापासून तेवढाच एक तास माझा होता.

नाही जमलं तर परत येईन. दुकानातलं माझं स्टूल कोणाला देऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढवताना हात आखडता घेऊ नकोस.

तुझी,
सुतळी


१३ ऑगस्ट

चि. सुतळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे, म्हणजे संगणकाने निदान तेवढं नुकसान केलेलं नाही. जेवतेस का नीट? लहानपणी सुतळीसारखी होतीस म्हणून नाव ठेवलं, ते जन्मभर खरं करून दाखवायला पाहिजे असं नाही.

इकडे दुकान चालू आहे. हल्ली डायऱ्या आणि हजेरीपुस्तकंच जास्त. काल एकजण जुना शब्दकोश घेऊन आला, कणा पार निखळलेला. उसवून जुजबंदीने, म्हणजे पानांचा एकेक गठ्ठा दोऱ्यात ओवत, पुन्हा शिवायला घेतला. दोऱ्याचं टोक धरायला पलीकडे कोणी नाही म्हणून ते मी दातात धरतो. समोरचा चष्मेवाला म्हणतो, मामा, या वयात दात कशाला पणाला लावता.

माझी पुस्तकं तू अजून ध्यानात ठेवलीस, वाचून बरं वाटलं. तुझी आई गेली त्या वर्षी तू काही केल्या एका जागी बसायची नाहीस. एकदा रिकामी वही उघडून वाचायचं नाटक केलं आणि तू गप्प झालीस. मग ते नाटक रोजचं झालं. त्याला कोणी पानं आणि उंची देईल हे काही मला सुचलं नव्हतं.

स्टूल जागेवर आहे. त्यावर सध्या पुठ्ठे ठेवलेत, ते उचलायला वेळ लागत नाही. जमलं नाही तर खुशाल ये. मी काही रागावणार नाही, उलटच.

प्रकृतीला जपावे. आशीर्वाद कमी पडले तर कळवावे, इथे शिल्लक बरीच आहे.

मामा


२९ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, मी घोटाळा करून ठेवलाय.

ते पान सरावाचं नव्हतं. काउंटरच्या संगणकावर खरा कॅटलॉग उघडा होता. मी अक्षरं मोठी केली, त्यामुळे पानाची वरची कड पडद्याबाहेर गेली. पिवळी पट्टी नाही हे मला दिसलंच नाही. पट्टी वर कुठेतरी असेल असं धरून मी तुझी पुस्तकं खऱ्या पुस्तकांत लावून टाकली.

मला हे कळलं कसं, ते सांगते. इथे एक आजी रोज येतात. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, अजूनही बोलताना "थांबा हं, जोडून देते" म्हणतात, म्हणून सगळे त्यांना टेलिफोन आजी म्हणतात. त्यांनी संगणकावर शोधता शोधता "दिवे लावायला विसरलेलं गाव" मागितलं. पडद्यावर "उपलब्ध" असं आलं आणि त्यांची मागणी नोंदली गेली. मग शोधाशोध सुरू झाली. खालच्या मजल्यावर पुस्तकं जागेवर लावणारे रॅकवाले काका सगळी खिडकीजवळची कपाटं उपसून बसले. पुस्तक सापडलं नाही. मुख्य ग्रंथपाल त्यांना चार लोकांसमोर बोलले, की नोंद आहे, पुस्तक नाही, म्हणजे हरवलंय तुमच्याच हातून. काकांनी शिडी पुन्हा लावली आणि वरच्या फळ्या बघायला लागले.

मी तिथेच काउंटरला उभी होते. परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिले.

आजींची मागणी आहे ती नोंद सोडली तर बाकीच्या मी पुसून टाकू शकते. कुणाला पत्ता लागणार नाही. पण खऱ्या कॅटलॉगशी खेळ केला तर प्रात्यक्षिकात नापास, आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं, असा नियम आहे. सांगितलं तर घरी, नाही सांगितलं तर काका शिडीवर. काल स्वप्नात मी आपल्या दुकानात होते आणि तू एकेक वही उघडून दाखवत होतास. सगळ्यांवर वरती पिवळी पट्टी होती. जागी झाले तेव्हा बाहेर धुक्यात इमारत दिसत नव्हती, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

काय करू, ते लगेच लिही.

लोभ थोडा उसना लागेल यावेळी.

सुतळी


३ सप्टेंबर

चि. सुतळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकडे जाऊन चांगलेच दिवे लावलेस म्हणायचे. हसून घे एकदा, मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगतो. पोरगी परत येणार, हे आलं. मी उठून स्टुलावरचे पुठ्ठे खाली ठेवलेसुद्धा. मग माझी मलाच लाज वाटली. तू तिकडे रडकुंडीला आलीस आणि मी इकडे जागा झाडतोय. तेव्हा वर्ष गेलं तर काय, या बाबतीत माझा सल्ला अजिबात घेऊ नकोस. त्यात माझा स्वार्थ आहे.

पण काकांच्या बाबतीत मला स्वार्थ नाही. पुस्तक शिवलेलंच नाही आणि हरवल्याचा ठपका त्या माणसावर, हे बरोबर नाही. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी जाऊन सांग. आधी काकांना, मग बाईंना, मग त्या मोठ्या साहेबांना. काकांना शिडीवरून खाली बोलावून सांग.

धीर सोडू नये. आशीर्वाद दुप्पट समजावेत.

मामा


१५ सप्टेंबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. तू म्हणालास त्याच क्रमाने.

काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पुस्तक मुळात नाहीच ना? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं झालं, मला वाटायला लागलं होतं की माझीच नजर गेली. मग खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि मला चहा पाजला. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

पासवर्डबाई रागावल्या. खूप. पण राग ओसरल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि त्या संगणकाने माझी प्रत्येक हालचाल कशी टिपून ठेवली होती ते दाखवलं. गुपचूप पुसलं असतं तर पुसल्याचीही खूण राहिली असती. मग चूक कशी झाली ते त्यांनी मलाच शोधायला लावलं. पट्टी पानाच्या वरच्या कडेला बांधलेली होती, म्हणून अक्षरं मोठी केली की ती वर सरकायची. ती पडद्यालाच बांधली तर सरकणार नाही, हे मी सुचवलं. त्या म्हणाल्या, मग कर. तीन दिवस लागले, पण मी केलं, मामा. आता अक्षरं कितीही मोठी करा, पट्टी हलत नाही. पट्टी पहिल्यांदा जागेवर थांबली तेव्हा शिवण बरोबर बसल्यावर वाटतं तसं वाटलं. इथे मी काही शिकू शकेन, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि आता जायची वेळ आलीय.

कारण असं: बाकी नोंदी रीतसर काढल्या. "दिवे लावायला विसरलेलं गाव" मात्र निघत नाही. एखाद्या पुस्तकासाठी वाचक थांबलेला असेल तर नोंद काढता येत नाही, तसा नियमच संगणकात घातलाय. वाचकाने स्वतः मागणी मागे घ्यायला हवी, नाहीतर पुस्तक त्याच्या हातात पडायला हवं. विभागप्रमुख म्हणाले, ऑक्टोबर संपायच्या आत कॅटलॉग खरा झाला पाहिजे, नाहीतर नापास. पासवर्डबाईंनी माझी बाजू घेतली म्हणून एवढी तरी मुदत मिळाली.

मी आजींकडे गेले. सगळं खरं सांगितलं, पुस्तक नाही, माझ्या मामाने तोंडी रचलेली गोष्ट आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, असं कसं, मी लहानपणी ऐकलीय ती. कोणी ऐकवली ते आठवत नाही, पण पुरी ऐकायच्या आधी झोप लागायची. मी थांबते. मी परत समजावलं. त्या म्हणाल्या, घाई नाही गं, लाइन मोकळी झाली की जोडून दे. आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. मागणी मागे घ्यायला त्या तयार नाहीत. मला त्यांच्यावर चिडताही येत नाही. त्या तिथे बसलेल्या दिसल्या की मलाच वाटायला लागतं, असेल कुठेतरी.

तेव्हा पुठ्ठे खालीच असू देत. ऑक्टोबरअखेर येते.

लोभ आहेच, तो दुकानाच्या दारापाशी तयार ठेव.

सुतळी


२२ सप्टेंबर

चि. सुतळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. तू परत येणार, ही ओळ मी रोज उघडून बघत होतो. आणि रोज तिच्या वरचीच ओळ डोळ्यांत खुपायची, की इथे काही शिकू शकेन असं पहिल्यांदा वाटलं. ती ओळ लिहिलेली मुलगी दुकानात स्टुलावर बसून माझ्या दोऱ्याचं टोक धरणार, आणि मी ते खुशाल धरू देणार. छे.

मला त्या नोंदीतलं सगळं कळव. पानं किती लिहिलीस, उंची किती, बांधणी कापडी की कातडी. पुस्तक त्या आजींच्या हातात पडायला हवं ना? मग पाडू. पुस्तकं बांधण्यातच माझा जन्म गेला. आतला मजकूर मी कधी लिहिला नाही हे खरं, पण बोललोय भरपूर.

एकच पंचाईत आहे. गाव दिवे लावायला विसरतं, कारण प्रत्येकाला वाटतं शेजारचा लावेल. सगळे अंधाराला सरावतात. मग कंदील करणाऱ्याच्या घरातली मुलगी विस्तव आणायला नदीपलीकडे निघते. इथवर मला पक्कं आठवतं. पुढे काय होतं? ती येते का परत? शेवट मला आठवेना. आठव आणि लिही.

जेवण वेळेवर करावे. आशीर्वादांचा हिशेब नंतर करू.

मामा


३० सप्टेंबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पानं एकशे बारा, उंची एकवीस सेंटिमीटर, बांधणी कापडी. रंग मी लिहिला नव्हता, तो तुझा तू ठरव.

शेवट मला माहीत नाही. मुलगी नदीपाशी पोचली की मला झोप लागायची. कातरणांच्या ढिगावर झोपायचे, तू उचलून घरी न्यायचास. मी आजींनाही विचारलं. त्यासुद्धा नदीपर्यंतच पोचल्यात. मला वाटतं, मामा, शेवट असा कधी नव्हताच. तुला तो करायची पाळीच आली नाही.

पासवर्डबाईंना तुझा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, देणगी म्हणून घेता येईल, पण नोंद आणि पुस्तक तंतोतंत जुळलं पाहिजे, आणि लेखकाचं पूर्ण नाव लागेल. मी म्हटलं, मामा हेच पूर्ण आहे.

लोभ असू दे, पण जागरणं करू नकोस.

सुतळी


१९ ऑक्टोबर

चि. सुतळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत पुस्तक पाठवलंय. पानं मोजून घे, एकशे बारा आहेत. उंची माझ्या पट्टीने एकवीस, त्यांच्या पट्टीने वेगळी निघाली तर त्यांची पट्टी तपासायला सांग. कापड निळं, तुझ्या आईच्या साडीचा तुकडा होता, त्याला मागून कागद लावून घट्ट केलंय. कण्यावर नाव सोनेरी टाकलं. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, त्याला इलाज नाही. जन्मभर दुसऱ्यांची पानं शिवली, आपली शिवताना दाभण जरा जास्त टोचतं, एवढं कळलं.

शेवट केलाय. दोन केले होते. पहिल्यात मुलगी त्याच संध्याकाळी विस्तव घेऊन घरी येते आणि सगळे जेवायला बसतात. मला तोच आवडला होता. शिवायला घेतला आणि उसवला. दुसरा आत आहे. तूच आधी वाच, मग आजींना दे.

चष्मेवाल्याची पुतणी आता संध्याकाळी दोरा धरायला येते. बडबड फार करते. तिला मी स्टूल दिलेलं नाही, चष्मेवाला स्वतःची खुर्ची पाठवतो.

हे पुस्तक पोचलं म्हणजे तू तिथे राहणार, हे मला ठाऊक आहे. माहीत असूनच शिवलंय. शिवण घट्ट आहे, मुद्दाम सैल ठेवलेली नाही.

आशीर्वाद पुस्तकात बसले नाहीत, तेवढे इथे लिहिले.

मामा


३ नोव्हेंबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तक मी खोलीत वाचलं नाही. ग्रंथालयात नेलं, खिडकीजवळ बसले आणि वाचलं. नदीपाशी पोचले, आणि या वेळी मला झोप लागली नाही.

मुलगी नदीपलीकडे विस्तव शोधत पुढे पुढे जाते, तिकडच्या लोकांकडून तो पेटवायला शिकते, आणि ते शिकायला वेळ लागतो. गावातला कंदीलवाला वाट बघून थकत नाही. तो खिडकीत दिवा लावतो. तिने परत यावं म्हणून लावत नाही. लांबून तिला दिसावं की घरी सगळं ठीक आहे, म्हणून लावतो. त्याच्यावरून शेजारचा लावतो, आणि गाव उजळतं. मामा, मी पुस्तक मिटलं आणि कापडावर गाल टेकून बराच वेळ बसून राहिले. आईच्या साडीला आता खळीचा वास येतो.

उंची एकवीस भरली. रॅकवाल्या काकांनी क्रमांकाची चिठ्ठी स्वतः कण्याला लावली, अक्षर झाकलं जाणार नाही अशी. टेलिफोन आजींनी पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाल्या, हेच ते, मी सांगत नव्हते? घरी नेलं. दोन आठवड्यांनी परत आणतील. शेवट कसा वाटला ते तेव्हा विचारीन.

सगळं मुदतीच्या आत झालं, मी पास आहे. पुढच्या वर्गाला पिवळ्या पट्टीची गोष्ट मीच सांगायची, असं पासवर्डबाईंनी ठरवलंय.

आज नोंद उघडून बघितली. लेखक: मामा (बुकबाइंडर). तळटीप: हस्तलिखित, एकच प्रत. जागा: खिडकीजवळचं कपाट. आणि खाली, पुस्तक कपाटात नसलं की येतं ते वाक्य, "बाहेर दिले आहे", आणि त्यापुढे परतीची तारीख. मी ते कितीतरी वेळ वाचत होते. हरवलेल्या पुस्तकाला तारीख नसते, मामा. ती फक्त परत येणाऱ्याला असते.

माझी तारीख सुट्टीचा पहिला दिवस. स्टुलावर तोपर्यंत पुठ्ठे ठेवलेस तरी चालेल.

लोभ आहेच. तो खिडकीत दिसला, हे कळवण्यासाठी एवढं लिहिलं.

तुझी,
सुतळी